व्हीसी की टीएमएसपीआय? ४.३ व्होल्टच्या पुढचा प्रश्न

लिथियम-आयन सेलमधलं नेहमीचं कार्बोनेट इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन अग्रांमध्ये आयन वाहून नेणारं द्रावण, ४.३ व्होल्टच्या आसपास धनाग्रावर तग धरेनासं होतं, त्याचं ऑक्सिडीकरण सुरू होतं. मग ते टिकावं म्हणून त्यात चिमूटभर घालायचं काय?

व्हिनिलीन कार्बोनेट, म्हणजे व्हीसी, हा जुना भिडू. पहिल्याच चार्जिंगला तो द्रावकाच्या आधी मोडतो आणि ग्रॅफाइटच्या ऋणाग्रावर पॉलिमरची पातळ साय धरतो. एक-दोन टक्के पुरतो. पण व्होल्टेज चढलं की धनाग्रावर त्याचंच ऑक्सिडीकरण होतं, वायू सुटतो. मऊ पिशवीतला पाऊच सेल असेल तर फुगलेलं पोट बोटाला लागतं.

ट्रिस-ट्रायमिथिलसिलिल फॉस्फाइट, बोलताना टीएमएसपीआय, धनाग्राच्या बाजूने लढतो. तिथे थर धरतोच, शिवाय ओलाव्याचा अंश आणि इलेक्ट्रोलाइटमधला क्षार, लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट, मिळून होणारं हायड्रोफ्लोरिक आम्लही गिळतो. खरी मेख इथेच आहे. ४.७ व्होल्टच्या लिथियम-निकेल-मँगनीज ऑक्साइडच्या धनाग्रातलं मँगनीज हेच आम्ल विरघळवतं आणि ते मँगनीज पलीकडे जाऊन ऋणाग्रावरची साय नासवतं. खोड एकच: मिसळून ठेवलं तर तो त्या क्षाराशीच हळूहळू भिडतो. बाटली जुनी होऊ देऊ नका.

४.२ व्होल्टपर्यंत मी व्हीसीच घालेन. वर जायचं असेल तर टीएमएसपीआय, आणि व्हीसी जेमतेम चवीपुरता.