कॉस्मिकवॉच म्यूऑन डिटेक्टर: मोजतो चोख, पण सापेक्षता एकटा सिद्ध करत नाही

कॉस्मिकवॉच हे म्यूऑन (अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे, इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) मोजणारं, तयार विकत आणण्यापेक्षा स्वतः जुळवण्यासाठी बनलेलं यंत्र आहे. आराखडा एमआयटीचा (अमेरिकेतली, पुण्यातली नव्हे) आणि तो सर्वांना मोफत खुला आहे. एका नगाचा खर्च सुमारे 100 डॉलर धरलेला आहे. भारतात सिंटिलेटर (कण गेला की चमकणारं प्लास्टिक) आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (ती चमक टिपणारा सेन्सर) मागवायचा तर टपालखर्च आणि आयात शुल्क वेगळं. शिवाय एका नगावर भागत नाही, दोन लागतातच.

आत 5 × 5 × 1 सेंमीचा प्लास्टिक सिंटिलेटर असतो. म्यूऑन आरपार जाताना त्यात साधारण 2 एमईव्ही (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जा सोडतो, प्लास्टिक क्षणभर चमकतं, 6 × 6 मिमीचा फोटोमल्टिप्लायर ती चमक टिपतो आणि आर्डुइनो नॅनो हा छोटा संगणक-बोर्ड ती नोंदवतो. फोटोमल्टिप्लायरला सुमारे 29.5 व्होल्ट लागतात, ते यूएसबीच्या 5 व्होल्टवरूनच चढवून मिळतात.

सोल्डरिंग जमण्याजोगं आहे. घोळ होतो तो गुंडाळण्यात. सिंटिलेटर आणि फोटोमल्टिप्लायर यांच्यामध्ये ऑप्टिकल जेल भरताना बुडबुडा राहिला तर सिग्नल खालावतो. अॅल्युमिनियम फॉइलवर काळ्या टेपचे दोन-तीन थर हवेत, कोपऱ्यांवर जास्त. मोबाइलचा टॉर्च चहूबाजूंनी फिरवून पाहा. आकडा उसळला तर प्रकाश आत शिरतोय.

एकट्या डिटेक्टरच्या आकड्यावर विसंबू नका. भिंतीतल्या आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्साराचे गॅमा किरणही तो मोजतो. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो, म्हणजे या तुकड्यावर 25 च्या आसपास. दोन नग एकावर एक ठेवून 3.5 मिमीच्या ऑडिओ केबलने जोडले की दुय्यम नग फक्त दोन्हींत एकदम आलेले सिग्नल नोंदवतो. तोच आकडा धरायचा. मिनिटाला 20 मिळाले तर एक टक्का अचूकतेसाठी लागणाऱ्या 10,000 नोंदींना आठ तास वीस मिनिटं लागतील.

आता सापेक्षतेचं. आइनस्टाइनच्या या सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्या वस्तूचा काळ आपल्या दृष्टीने लांबतो. स्थिर म्यूऑनचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, मग तो क्षय पावतो, म्हणजे फुटून दुसरे कण बनतात. तेवढ्यात प्रकाशही 660 मीटरच जातो, आणि म्यूऑन तयार होतात सुमारे 15 किमी उंचीवर. प्रकाशाच्या 0.998 पट वेग धरला तर आपल्या घड्याळाने त्यांचं आयुष्य सुमारे 16 पट लांबतं. म्यूऑनच्या बाजूने पाहिलं तर आयुष्य तेवढंच राहतं, 15 किमीची हवाच किलोमीटरभर उरते. हिशोब दोन्हीकडून एकच येतो: वाटेत क्षय न पावता चौथ्या हिश्शाच्या आसपास पोहोचतात. हा परिणाम नसता तर अब्जांत एखादाही आला नसता.

पण यंत्र घेऊन घाट चढलात, वर आकडा वाढला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. खाली येताना काही म्यूऑन हवेत ऊर्जा गमावूनही गळतात, आणि कॉस्मिकवॉचला वेग निवडता येत नाही. फ्रिश आणि स्मिथ यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन या डोंगरावर डिटेक्टरवर लोखंड रचून ठरावीक वेगाचेच म्यूऑन निवडले होते, आणि खाली समुद्रसपाटीजवळच्या (अमेरिकेतल्याच) केंब्रिजला हवेने केलेला रोध वजा करून लोखंड कमी केलं होतं. वर तासाला सुमारे 563, सुमारे 1,900 मीटर खाली 408. काळ लांबत नसता तर 27 च मिळायला हवे होते. खरं कौशल्य त्या लोखंडात होतं.

तरी उंचीची तुलना करायचीच असेल तर दोन्ही ठिकाणी नगांमधलं अंतर तेच ठेवा आणि हवेचा दाब व तापमान लिहून ठेवा. दाब वाढला की मोजणी घटते. उन्हात यंत्र तापलं की फोटोमल्टिप्लायरचं प्रवर्धन उतरतं आणि आकडा फसवतो.

आयुष्य थेट मोजायच्या भरीला मात्र पडू नका. एक सेंटिमीटर प्लास्टिकमध्ये म्यूऑन क्वचितच थांबतो, आणि थांबलाच तरी सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांनी क्षयातून निघणारा इलेक्ट्रॉन टिपायला आर्डुइनो तोवर मोकळाच झालेला नसतो.