अवजारे पाकिटात, हँडपीस मात्र स्पिरिटवर

पत्नीच्या खालच्या दाढेचे रूट कॅनॉल आमच्या उपनगरातील ज्या दंतचिकित्सालयात करून घेतले, त्याविषयी हे सविस्तर मत आहे. अशा दवाखान्यांबद्दल लिहिताना लोक बहुधा डॉक्टरांचा हलका हात, गोड बोलणे आणि गार प्रतीक्षागृह यांचेच कौतुक करतात, आणि या तिन्ही बाबतींत येथे तक्रारीला जागा नाही. परंतु माझी नोकरी अन्न व औषध प्रशासनात झाली असल्याने माझी नजर बाटलीवरची तारीख, कचऱ्याचे डबे आणि अवजारे धुण्याची जागा यांकडे आधी जाते. डॉक्टरांनी काही न लपवता आतली खोली दाखवली, हे त्यांच्या बाजूने आधी नोंदवतो.

दर्शनी भिंतीवर राज्य दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र लावलेले आहे आणि त्याची मुदत चालू आहे. मात्र रूट कॅनॉल फलकावर नाव असलेल्या डॉक्टरांनी नव्हे, तर ठरावीक दिवशी येणाऱ्या एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी घेतलेल्या) तज्ज्ञांनी केले. ही पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि अवघड दाढेसाठी ती हिताचीही आहे. तरीही तोंडात हात कोण घालणार हे रुग्णाला वेळ देतानाच सांगायला हवे, खुर्चीत बसल्यावर नव्हे.

उपचारापूर्वीची चौकशी उत्तम झाली. पत्नी रक्त पातळ करणारी गोळी घेते, हे कळताच डॉक्टरांनी ती परस्पर बंद करायला न सांगता आमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला आणि गोळी चालू ठेवूनच काम करायचे ठरले. मधुमेह, औषधांची ॲलर्जी, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेली इंजेक्शने, सारे विचारून कागदावर उतरवले आणि त्यावर सही घेतली. भुलेच्या इंजेक्शनसाठी सिरिंज आणि सुई आमच्यासमोर फोडली. औषधाच्या मोठ्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख पेनाने लिहिलेली होती. ही लहानशी गोष्ट मी अनेक मोठ्या रुग्णालयांतही पाहिलेली नाही. दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, ताणून बसवला होता. त्यामुळे लाळ दाढेत उतरत नाही आणि दाढेची मुळे आतून घासण्याची सुईसारखी बारीक फाइल किंवा दाढ धुण्याचे हायपोक्लोराइट घशात जात नाही. वेळ वाचवण्यासाठी अनेक जण हा पडदा लावतच नाहीत.

आरसा, चिमटा, प्रोब अशी अवजारे बंद पाकिटांतून आली आणि पाकिटावरील पट्टीचा रंग बदललेला होता. तरीही हे समजून घ्यावे की, ती पट्टी पाकिटाला उष्णता लागली एवढेच सांगते; आतले जंतू खरोखर मेले का, हे जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी घेतल्यावरच कळते. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने अवजारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, वहीत प्रत्येक फेरीचे तापमान आणि वेळ लिहिलेली आहे, पण बीजाणू चाचणीचा जो अहवाल मला दाखवण्यात आला तो बराच जुना होता. निळा प्रकाश सोडणारी एक काचेची पेटीही तेथे आहे. पुष्कळ रुग्णांना तीच निर्जंतुकीकरणाचे यंत्र वाटते, पण ती फक्त निर्जंतुक झालेली अवजारे ठेवण्याची जागा होय.

खरा दोष आहे तो हँडपीसच्या बाबतीत. दात कोरणारे हे फिरते यंत्र थांबते त्या क्षणी तोंडातील लाळ आणि रक्ताचा अंश आत ओढला जाऊ शकतो, म्हणून ते केवळ बाहेरून पुसून भागत नाही. प्रत्येक रुग्णानंतर ते आतून साफ करून ऑटोक्लेव्हमध्येच जायला हवे. आमच्या आधीचा रुग्ण उठल्यावर सहायिकेने तेच हँडपीस स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि पुन्हा नळीला जोडले. मी हटकल्यावर ती म्हणाली, “काका, सकाळी सगळे एकदा ऑटोक्लेव्हमध्ये टाकतो आम्ही.” डॉक्टरांनी लगेच कपाटातून पाकिटातले दुसरे हँडपीस काढून दिले. याचा अर्थ सोय आहे, पण मागितल्याशिवाय ती मिळत नाही. संध्याकाळच्या गर्दीत न मागणाऱ्यांचे काय होत असेल, याचे उत्तर मला मिळाले नाही.

पाण्याबाबत मात्र काळजी घेतली जाते. खुर्चीला गच्चीवरच्या टाकीचे पाणी न देता स्वतंत्र बाटली जोडलेली आहे, आणि रुग्ण बदलताना सहायिका नळीतून काही वेळ पाणी वाहू देते. मी यावर एवढा भर का देतो, ते सांगतो. तमिळनाडूतील वाणियंबाडी येथे एका दंतचिकित्सालयातून पसरलेल्या मेलिऑइडोसिसच्या, म्हणजे माती-पाण्यातील जिवाणूमुळे होणाऱ्या रोगाच्या, संसर्गाने 2023 साली आठ जणांचा जीव गेला. हिरडीच्या कामाच्या अवजाराने सलाईनची बाटली उघडायची आणि उरलेले द्रावण सैल झाकून पुन्हा वापरायचे, अशी तेथील रीत तपासात आढळली. या दवाखान्यात सलाईनची लहान बाटली एका रुग्णापुरतीच वापरून टाकली, हे मी पाहिले.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळे, लाल, पांढरे आणि निळे असे चारही डबे आहेत, आणि सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यातच गेल्या. क्ष-किरण यंत्राचे अणुऊर्जा नियामक मंडळाकडील नोंदणीपत्र मागताच दाखवले गेले. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता, पण आणीबाणीच्या पेटीतील ॲड्रेनॅलिनच्या (तीव्र ॲलर्जीत द्यायच्या औषधाच्या) एका ॲम्प्युलची मुदत संपलेली निघाली. ती समोरच बाजूला काढली गेली. तरी असे औषध रुग्णाच्या नवऱ्याने शोधून काढावे, ही शोभेची गोष्ट नव्हे.

खर्चाचा अंदाज तोंडी सांगतात, मागितल्यावर लिहून देतात. कॅपच्या प्रकारांतील फरक नीट समजावला, सर्वांत महाग प्रकारासाठी आग्रह धरला नाही आणि रकमेची पावती न मागता मिळाली. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, हे गुडघेदुखीच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे.

दाढ आता दुखत नाही आणि काम नीट झाल्याचे नंतरच्या क्ष-किरणात दिसते. कॅपसाठी दाढ घासायची आहे, तीही आम्ही येथेच घासून घेणार आहोत. मात्र सकाळची पहिली वेळ मागून घेतली आहे, आणि हँडपीसचे पाकीट समोर फोडावे असे आधीच सांगून ठेवले आहे.