माळीकाका ठेवल्याला नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

कोथरूडला आमचं जुनं बैठं घर आहे. पुढे अंगणात जास्वंद, तगर, कढीपत्ता, कुंपणाला मोगरा आणि चाळीसेक कुंड्या. नोकरी सांभाळून हे होईना, म्हणून आधी एका घरपोच सेवेकडून माळी घेतला. गणवेश घातलेली दोन मुलं यायची, अर्ध्या तासात अंगण चकाचक करायची, फोटो काढायची आणि जायची. जास्वंदीचा तर त्यांनी दर पंधरा दिवसांनी छान गोल चेंडू केला. दिसायला झकास! पण जास्वंदीला कळी धरते ती नव्या फुटीवर. शेंडे सारखे खुडले तर फूल येणार कुठून? 2024 च्या गणपतीत स्वतःच्या दारात दोन झाडं असून आम्ही मंडईतून जास्वंद विकत आणली. सासूबाईंनी ते अजून विसरू दिलेलं नाही.

मग सप्टेंबरअखेर गल्लीतल्याच एका घरी येणारे माळीकाका ठरवले. आठवड्यातून एकदा, तास-सव्वा तास, महिना 1,200 रुपये. खत, माती, औषध आपलं. पहिल्या दिवशी त्यांनी कात्री पिशवीतून काढलीच नाही. सगळ्या कुंड्यांत बोट खुपसून पाहिलं आणि विचारलं, "ताई, पाणी कोण घालतं?"

"सासूबाई. रोज."

"मग निम्मी झाडं त्यापायीच पिवळी पडलीत. वरचं पेरभर कोरडं लागलं तरच घाला."

मला तिथेच माणूस पटला. शिवाय मी मुद्दाम गुलाबाकडे नेलं. त्याला एक लांबलचक, तजेलदार फांदी आली होती आणि मी तिच्यावर खूश होते. काकांनी बुंध्याजवळची माती उकरून दाखवलं, की ती कलमाच्या जोडाखालून, खुंटातून (ज्या जंगली गुलाबावर कलम बांधतात त्यातून) आलेली आहे. तिला ठेवलं तर जंगली गुलाब वाढतो आणि वरचं कलम उपाशी मरतं. ती त्यांनी मुळापासून काढली. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर बाकीची छाटणी केली, नोव्हेंबरअखेरीस फुलं आली. तुम्ही माळी शोधत असाल तर हाच प्रश्न विचारून बघा: यातली कुठली फांदी काढणार आणि का?

खरी परीक्षा मोगऱ्याने घेतली. डिसेंबरच्या शेवटी काकांनी त्याचं पाणी तोडलं, जानेवारीत पानं झडल्यावर फांद्या आखूड केल्या. घरात महायुद्ध! "मेला तो मोगरा," म्हणून सासूबाई चोरून तांब्याभर पाणी घालायच्या आणि काका ओली माती बघून फक्त हसायचे. त्यानंतर आळं उकरून शेणखत घातलं, भरपूर पाणी दिलं. मार्चपासून रोज सकाळी ओंजळभर कळ्या निघू लागल्या. आता सासूबाई शेजारणींना "पाण्याचा ताण द्यावा लागतो हो" असं सांगतात.

औषधांच्या बाबतीत काका जपून असतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आला तेव्हा किडके शेंडे काढून जाळले, पाण्याच्या फवाऱ्याने झाड धुतलं आणि लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, त्यात थोडं साबणाचं पाणी, असं संध्याकाळी फवारलं. उन्हात फवारलं तर पानं करपतात. आठवड्याने पुन्हा तेच. पिठ्याला इकडून तिकडे नेणाऱ्या मुंग्यांचाही त्यांनी बंदोबस्त केला, हे आधीच्या मुलांच्या गावीही नव्हतं.

आता तक्रारी. काका न सांगता दांडी मारतात. दिवाळीत दोन आठवडे फोनही उचलला नाही. काढलेला कचरा कोपऱ्यात ढीग करून ठेवतात, उचलायचा आपण. रोपं "मी आणतो" म्हणतात, पण उरुळी कांचनकडच्या रोपवाटिकेत स्वतः गेलं तर तीच स्वस्त पडतात. आणि माझा पुदिना त्यांनी दोनदा तण समजून उपटलाय. दुसऱ्यांदा मी चिडले, तर म्हणाले, "ताई, पुदिना आहे हे त्याला तरी माहीत आहे का?"

जूनपासून त्यांनी 200 रुपये वाढवून मागितले. दिले. पण दांडीच्या आठवड्याचे पैसे कापायचं या वेळी आधीच ठरवून घेतलं, ते सुरुवातीलाच करायला हवं होतं. पुदिना आता स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवलाय.