कांद्याचा पापुद्रा की ऱ्हिओचं पान?

आठवी-नववीच्या पोरांना पेशी दाखवायची म्हटलं की हात आपोआप कांद्याकडे जातो. माझाही जायचा. फोडीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा, वर आयोडीनचा थेंब, की विटा रचल्यासारख्या पेशी आणि प्रत्येकीत केंद्रकाचा ठिपका. तेवढंच दाखवायचं असेल तर कांदाच घ्या, पुढं वाचायचीही गरज नाही.

घोडं अडतं ते परासरणाला, म्हणजे पेशीच्या पटलातून पाणी कसं आत-बाहेर जातं ते दाखवायला. पेशीपटल जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाड, शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसतच नाही. आतला रस आकसला, तरच त्याची कड कुठं आहे ते कळतं. आणि कांद्याचा सहज निघणारा पापुद्रा नेमका बिनरंगी! मिठाचं पाणी सोडलं, पटल बाहेरच्या कडक भित्तिकेपासून सुटलं, तरी पोरं विचारतात, "सर, काय बघायचं?" म्हणून मी आधी आयोडीन घालायला लागलो. त्यानं पेशीच मरतात. मेलेल्या पटलाला आत-बाहेर सगळं सारखंच, मग रससंकोचन, म्हणजे रस आकसून पटल भित्तिकेपासून सुटणं, कसलं? दोन वर्षं मी मिठाला दोष देत होतो. लाल कांद्याच्या फोडीची बाहेरची साल रंगीत असते खरी, पण ती सलग निघेल तर शपथ.

शेवटी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ओळखीच्यांकडून ऱ्हिओ या शोभेच्या झाडाची कुंडी आणली. पान वरून हिरवं, खालून जांभळं. तिरकं फाडलं की खालची साल निघते. माझ्या पहिल्या चार-पाच वाया गेल्या. पण रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, आधीच भरलेला असतो. मिठाचं पाणी लागलं की जांभळा रंग कोपरे सोडून मधे गोळा होतो, आणि वेळेवर साधं पाणी दिलं तर पुन्हा पसरतो. पानाचा तुकडा उकळला तर रंग सरळ पाण्यात उतरतो. पटल मेलं, हे सूक्ष्मदर्शकाशिवायही दिसतं.

खोडी आहेतच. चिकानं हात खाजतो, केंद्रक कांद्याइतकं स्वच्छ दिसत नाही, आणि मधेमधे हिरवी पर्णरंध्रं येतात, त्यांवर प्रश्न सुरू होतात ते वेगळेच. (बेदाण्यांचं तासगाव जवळ म्हणून कुणी बेदाणे सुचवतात. ते टम्म फुगतात, पण वाळतानाच त्यांच्या पेशी मेलेल्या. जिवंत पटलाबद्दल ते काय सांगणार?)

तुमच्याकडे कुंडी मिळत नसेल तर कांद्यावरही भागेल म्हणा. मी मात्र खिडकीतली कुंडी हलवणार नाही. मीठ बेतानं घाला, अर्ध्या पेल्याला एक छोटा चमचा मला पुरतो. जास्त झालं की पेशी परत फुगत नाही.