चोर्ला घाटासाठी कोणती: बीएमडब्ल्यू एम२ की पोर्शे ७१८ केमन?

माझा मावसभाऊ बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्टचं मशीनिंग करतो. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या इंजिनांचे पार्ट घासले, आता एक इंजिन स्वतःच्या हौसेसाठी घ्यायचं म्हणतो. बजेट सव्वा कोटीच्या आसपास, घरी इनोव्हा आहेच, आणि डोक्यात दोन नावं: नवी बीएमडब्ल्यू एम२ किंवा सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन. सेकंडहँड अशासाठी की पेट्रोलवरच्या ७१८चं उत्पादन पोर्शेनं २०२५ मध्ये थांबवलं. महिनाभर आमच्याकडं चहाबरोबर हाच विषय चाललाय, म्हणून एकदाचं लिहून काढतो. अशाच पेचात आणखी कोणी असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आकड्यांवर निकाल लावायचा तर दोन मिनिटांचं काम आहे. एम२मध्ये ३ लीटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ४८० पीएस (म्हणजे अश्वशक्ती). ऑटोमॅटिक घेतली तर ६०० न्यूटन-मीटर टॉर्क. ० ते १०० चार सेकंदांत. साध्या केमनला २ लीटर, चार सिलिंडर, ३०० पीएस, ३८० न्यूटन-मीटर आणि पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर ४.९ सेकंद. पण चौपदरी हायवेवर कारला मुळात १००चीच मर्यादा. म्हणजे हत्तरगीचा टोलनाका मागं पडून नीट बसेपर्यंत दोन्ही गाड्यांचा सगळा कायदेशीर वेग संपलेला असतो. पुन्हा कारखाने सुरू झाले की संकेश्वर-निपाणी पट्ट्यात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात कधी पुढ्यात उभी राहील सांगता येत नाही. या रस्त्यावर त्या एका सेकंदाला मी शून्य मार्क देतो.

मला महत्त्वाचा वाटतो तो वजनाचा आकडा. पीडीकेवाली केमन १,३६५ किलो, ऑटोमॅटिक एम२ १,७२५ किलो. फरक ३६० किलोंचा. साखरेची सात पोती आणि वर दहा किलो! ही पोती घेऊन बेळगावहून गोव्याकडं जाणारा चोर्ला घाट उतरायचा की न घेता, एवढाच खरा प्रश्न.

दोन्ही गाड्या मी थोड्या थोड्या चालवल्यात. एम२ टेस्ट ड्राइव्हला, आणि केमन एका मित्राची, कणकुंबीपासून चोर्ल्यापर्यंत आणि परत. जांबोटीचा रस्ता कधी बरा असतो, कधी चाळण, पण कणकुंबीच्या पुढं वळणं सुरू झाली की केमन म्हणजे काय ते कळतं. इंजिन सीटच्या मागं, मागच्या चाकांच्या पुढं. जड वस्तू गाडीच्या मध्यावर असल्यामुळं तोंड वळवायला जोर लागत नाही. लांब काठीच्या दोन टोकांना वजनं बांधून फिरवा आणि मग तीच वजनं मुठीजवळ आणून फिरवा, तसं. वळणात ब्रेक सोडून स्टिअरिंग जरा दिलं की गाडी आपल्या कमरेभोवती फिरल्यासारखी वाटते. एम२सुद्धा वळते, फार छान वळते, पण ती ताकदीवर वळते. पुढचे टायर २७५चे आहेत, ते रस्ता धरून ठेवतात, आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं सरकायला तयारच असतात. चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल दहा पायऱ्यांत कमी-जास्त करता येतो. जून ते सप्टेंबर कणकुंबीचा पाऊस नि धुकं ज्यानं बघितलंय तो त्या पायऱ्यांना हात लावणार नाही.

आता इंजिन. इथं भाऊ एम२च्या बाजूला झुकतो आणि त्याचं बरोबर आहे. एका रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात प्राथमिक आणि दुय्यम दोन्ही बॅलन्स आपोआप जुळतात, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचे धक्के एकमेकांना मारतात, क्रँक नुसता गुळगुळीत फिरतो. वर एक गोष्ट त्याला फारच भावली: या एस५८ इंजिनाच्या सिलिंडर हेडचा सँड कोअर (ओतकामात आतली पोकळी ठेवणारा वाळूचा साचा) थ्रीडी प्रिंटिंगनं केलेला असतो. आपल्या फाउंड्रीत कोअर तुटला म्हणून पडलेल्या शिव्या आठवून आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. उलट केमनच्या चार सिलिंडरला आवाज नाही. घरघर आहे. जगभर लोकांनी त्यावरून पोर्शेला बोल लावले, शेवटी कंपनीनं ४ लीटर, सहा सिलिंडर, विनाटर्बो ४०० पीएसची जीटीएस आणली. ती मिळाली तर वाद मिटला, पण तिचा भाव सव्वा कोटीत बसायचा नाही.

खर्चाचं गणित इकडं जरा वेगळं आहे. एम२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अपडेट होऊन आली तेव्हा एक्स-शोरूम १ कोटी ३ लाख होती. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला १८ टक्के आजीवन कर आणि वर सेस. म्हणजे नुसत्या टॅक्समध्ये साडेअठरा लाखांच्या वर जातात. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला हाच दर १३ टक्के असं ऐकलेलं असतं (आयात केलेल्या गाडीला तो जास्त आहे). त्यामुळं कोल्हापूरच्या पाहुण्यांचा पत्ता लावून एमएच-०९ पासिंग करून आणायचा मोह सीमाभागात कुणालाही होतो. करू नका. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की नवं रजिस्ट्रेशन घ्यावंच लागतं, आणि अशी गाडी कॉलेज रोडवर लपत नाही हो. केमन शोधताना म्हणूनच बेंगळुरूकडची, आधीच केए पासिंगची बघावी. एनओसी आणि टॅक्सची दुसरी फेरी वाचते. सर्व्हिसला बेळगावात पोर्शेचं शोरूम नाही, आणि मुंबई व बेंगळुरू दोन्ही साधारण ५०० किलोमीटर. आपण बरोबर मध्ये.

स्पीडब्रेकरचं म्हणाल तर भावानं टिळकवाडीतला घरासमोरचा ब्रेकर पट्टी लावून मोजला: साडेपाच इंच. दोन्ही गाड्यांच्या पोटाखाली एवढी जागा नाही. पण केमनचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) एम२पेक्षा २७ सेंटिमीटरनं कमी, त्यामुळं तिरकी घातली तर ती निघून जाते. खड्ड्यांतही तेच. एम२चे मागचे टायर २८५/३० आर२०, रबराची उंची जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. केमनच्या मूळ १८ इंची चाकांवर ती जवळपास बारा. मात्र बऱ्याच मालकांनी हौसेनं २० इंची रिम घातलेली असते, ती नको.

राहिली मागची सीट. एम२ला आहे, केमनला नाही, आणि घरात परवानगी काढायला भाऊ हाच मुद्दा पुढं करत होता, "आई मागं बसेल की." मावशीचे गुडघे दुखतात आणि एम२ला मागं दारं नाहीत. तिला मोबाइलवर फोटो दाखवला तर म्हणाली, "त्यात वाकून शिरण्यापेक्षा मी इनोव्हातनं येतो. तुझं तू बघ."

इनोव्हा नसती तर मी एम२ म्हटलं असतं. एकच गाडी असेल आणि रोज पळवायची असेल तर तीच घ्यावी. रविवारी पहाटे घाटासाठी दुसरी गाडी हवी असेल तर केमन, घरघरीसकट. बेंगळुरूला बघायला जाताना दोन गोष्टी तपासायच्या. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड, २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. कमी पळालेल्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि आतून कडक झालेले असतात. आणि टॉर्च घेऊन पुढच्या बंपरच्या जाळीत बघायचं. रेडिएटर तिथं असतात, आणि पानं-कचरा आत जाऊन साचतो.