पट्टी सहाची, पत्रा दोनचा

मामांनी माझ्या नव्या स्मोकरच्या झाकणावर मधोमध बोटाच्या पेरानं टकटक केलं. टण्ण. मग दाराच्या काठावर. ठक. पुन्हा मधोमध. टण्ण. चाळीस वर्षं फाउंड्रीत काढलेल्या माणसाला तेवढं पुरलं. खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढायच्या आधीच म्हणाले, “लेका, नुसती पट्टी सहा एमएमची हाय. बाकी सगळा चुना.”

तो चुना मला ३८,००० रुपयांना पडला. मी हिशेबनीस माणूस. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो, चार रुपयांचा फरक दिसला तर व्हाउचर परत पाठवतो. आणि या खरेदीचं माझ्याकडं साधं चिटोरं नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पण घरी स्मोकर, म्हणजे धुरावर मांस भाजायची चूल, करून घ्यायचा विचार असेल तर पुढचंही वाचा.

झालं असं, की दोनेक वर्षं मी धुरावर मटण भाजायचे व्हिडिओ बघत होतो. तांबडा-पांढरा आपल्या रक्तातच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण अख्खा फरा पाच-सहा तास मंद धुरावर ठेवायचा, हाडापासून मांस आपोआप सुटेपर्यंत, याचं वेड डोक्यात शिरलं. घरामागं परडं आहे, कढीपत्त्याच्या झाडाशेजारी जागा आहे. गावाकडं आंब्याचं, पेरूचं वाळलेलं लाकूड आहे. नव्हता तो फक्त स्मोकर.

दसऱ्याच्या सुमाराला मोबाइलवर एक जाहिरात दिसली. हायवेलगत भाड्याचा गाळा, आत दोन वेल्डर, बाहेर काळा रंग दिलेला एक भलामोठा आडवा स्मोकर. मालक तिशीतला, बोलायला मिठ्ठास. तासभर त्यानं मला सगळे प्रकार समजावून सांगितले. चहा पाजला. त्या तासात तो जे बोलला ते जवळजवळ सगळं खरं होतं. घरी येऊन मी एकेक गोष्ट ताडून बघितली, दहातल्या नऊ बरोबर निघाल्या, आणि दहावी तपासायची मला गरजच वाटली नाही.

पेलेट स्मोकरबद्दल म्हणाला, “साहेब, ते मशीन आहे, चूल नव्हे.” बरोबरच आहे. भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या मोटरवर फिरणारा स्क्रू थोड्या थोड्या आगीत ढकलतो, पंखा हवा देतो, तापमान आपोआप सांभाळलं जातं. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात १९८०च्या दशकात निघालेली ही कल्पना. वीज गेली की सगळं ठप्प. शिवाय आपल्याकडं सहज मिळतात त्या गोळ्या बॉयलरसाठीच्या, त्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे, त्यांच्या धुरावर खायचं काही भाजू नये. विजेच्या कॉइलवर चालणाऱ्या कपाटासारख्या स्मोकरचा विषय त्यानं एका वाक्यात उडवला: सोपा आहे, पण धुराची चव बेताचीच लागते. हेही खरं.

कामाडो म्हणजे जाड सिरॅमिकचं अंड्यासारखं भांडं. जपानी भाषेत कामाडो म्हणजे चूलच. भिंत जाड असल्यामुळं मूठ-दोन मूठ कोळशावर कितीतरी वेळ उष्णता धरून राहतं. पण महाग, जड, आणि हातातून निसटलं की तडा. मग बुलेट, म्हणजे उभा स्मोकर: खाली कोळसा, मध्ये पाण्याचं घमेलं, वर जाळी. पाणी आहे तोवर ते आगीचा जोर खात राहतं, म्हणून तापमान फार उड्या मारत नाही. नवशिक्यासाठी सगळ्यात शहाणा प्रकार हाच, असं आज माझं मत आहे. तेव्हा त्यानं “साहेब, ते बायकामुलांचं खेळणं” म्हटलं आणि मी मान डोलावली. याची लाज ३८,००० पेक्षा जास्त वाटते.

झाकणाच्या गोल शेगडीचा किस्साही त्याला पाठ होता. १९५२ साली शिकागोकडं जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं, तो काम करत होता त्या कारखान्यात बनणारा पाण्यावर तरंगायचा लोखंडी बोया मधून कापून ती बनवली. “बघा, पत्र्याच्या कामातलाच माणूस होता,” असं म्हणून त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. कोल्हापूरच्या माणसाला उद्यमनगरचं, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीचं, कौतुक सांगितलं की तो विरघळतो. मीही विरघळलो.

शेवटी ऑफसेट. मांस ठेवायचं आडवं पिंप वेगळं, आगीची पेटी त्याच्या कुशीला वेगळी. लाकूड पेटीत जळतं, धूर आणि गरम हवा पिंपातून फिरून दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर. आमच्या गावाकडच्या गुऱ्हाळाचं चुलवाण ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. जाळ एका बाजूला, धुराडं लांब दुसऱ्या बाजूला, आणि सगळा खेळ ओढीचा. यात अर्ध्या-पाऊण तासाला एक लाकूड सरकवत बसावं लागतं. आणि आग बाहेरच्या पेटीत असल्यामुळं पत्रा पातळ असेल तर उष्णता तिथंच उडून जाते. वारा आला, झाकण उघडलं, की तापमान धाडकन खाली. म्हणून ऑफसेटला जाड प्लेट हवी, निदान सहा एमएम. हे मला त्यानंच सांगितलं. वर काठ दाखवला, माझं बोट धरून काठावरून फिरवलं. “बघा, सहा एमएम. बाजारात दोनचा पत्रा लावून गंडवतात लोकांना.”

गंडवणाऱ्यानंच गंडवण्यापासून सावध केल्यावर माणूस काय करणार?

पंचवीस हजार आगाऊ दिले, यूपीआयनं. पैसे पाठवताना पडद्यावर वेगळंच नाव आलं. “वहिनींचं खातं आहे, साहेब.” बिल मागितलं तर म्हणाला, घ्या की, पण १८ टक्के जीएसटी वर. मी मनातल्या मनात ६,८४० रुपये वाचवले आणि गप्प बसलो.

दिवाळी झाल्यावर छोटा हत्ती दारात आला. आमच्या घराशेजारचा बोळ साडेतीन फुटांचा. त्या बोळातून दोन पोरांनी स्मोकर उचलून परड्यात नेला, मध्ये एकदाही खाली न टेकवता. मला केवढा आनंद झाला, किती सहज आलं म्हणून! उरलेले तेरा हजार तिथंच पाठवले. संध्याकाळी फोटो काढून त्याला मेसेजही टाकला: “एक नंबर काम, भावा. नाद खुळा.” हा मेसेज लक्षात ठेवा.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहिल्यांदा पेटवला. सकाळी सहाला उठून मार्केटातून फरा आणला, आदल्या रात्री वाटून ठेवलेला मसाला लावला. मंद धुरावर भाजायचं म्हणजे आतलं तापमान साधारण ११० ते १३० अंश सेल्सियस राखायचं असतं. मांसातला चिवट भाग त्या उष्णतेत तासन्तास राहिल्यावर विरघळून लुसलुशीत होतो, त्याला घाई चालत नाही. झाकणावरच्या तापमानाच्या घड्याळात काटा ११० वर आला, मी खुशीत खुर्ची टाकून बसलो.

दोन तासांत पेटीचं दार वाकलं. वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट, त्यातून हवा आत आणि ज्वाळा बाहेर. रंगाचे पापुद्रे सुटून मटणाच्या जाळीवर पडायला लागले, वास गॅरेजमध्ये येतो तसा. आगीच्या पेटीच्या आतल्या बाजूला पिवळट काहीतरी उमटलं होतं, गार झाल्यावर ते पांढरं पडलं. फरा वरून कोळसा आणि हाडापाशी कच्चा. रात्री मला घशात खवखव आणि थंडी वाजून आली. धुरामुळं की पहाटेच्या गारठ्यानं, छातीठोक सांगता येणार नाही. बायकोनं किलोभर मटण शहाणपणानं बाजूला काढून ठेवलं होतं, त्याचा रस्सा झाला. ती एवढंच म्हणाली, “अहो, मामांना बोलवा.”

मामांनी घड्याळ पिळून काढलं, त्या भोकातून व्हर्नियरचे जबडे आत घातले आणि मला आकडा वाचायला लावला. दोन. आगीच्या पेटीला हवा घ्यायच्या भोकात तेच केलं. १.६, म्हणजे सोळा गेज, आणि तोही जीआय पत्रा. सहा एमएम होतं ते फक्त झाकणाच्या आणि दाराच्या काठाला, धुराड्याच्या तोंडाला, म्हणजे जिथं जिथं गिऱ्हाइकाचं बोट फिरतं तिथं तिथं. सहाची फ्लॅट पट्टी आतून वेल्ड करून, वरून ग्राइंडर मारून जोड बेमालूम केलेला. काम सुबक होतं, हे कबूल करावं लागेल.

ती पांढरी पूड जस्ताची. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि लाकडाच्या जाळाशी लागून असलेला पत्रा तेवढा सहज तापतो. जस्ताची राख गरम असताना पिवळी आणि गार झाल्यावर पांढरी दिसते. तो धूर छातीत गेला की थंडीताप येतो, वेल्डरांना हे चांगलं माहीत असतं. खाण्याच्या चुलीत जीआय लावणं म्हणजे नुसती लबाडी नव्हे, त्याच्या पलीकडचं आहे.

घड्याळही गॅसवर उकळत्या पाण्यात बुडवून बघितलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळं इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. घड्याळ म्हणालं ८१. म्हणजे मी ११० समजत होतो तेव्हा आत त्याहून बरंच जास्त होतं.

मग मामांनी कागद मागितला. लोखंडाचा एक चौरस मीटर पत्रा, एक एमएम जाडीचा, ७.८५ किलो भरतो. हा आकडा उद्यमनगरात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. माझं पिंप २० इंच व्यासाचं, ३६ इंच लांब, दोन्ही बाजूंच्या तबकड्या धरून सुमारे १.८६ चौरस मीटर. सहा एमएमनं गुणलं की ८८ किलो. १८ इंची चौकोनी पेटी आणखी ५९. म्हणजे पाय, जाळ्या, चाकं सोडून नुसती प्लेटच १४७ किलो. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर माझा अख्खा स्मोकर चढवला: ६४ किलो.

“त्या दोन पोरांनी उचलला तेव्हाच तुला कळायला पायजे होतं,” मामा म्हणाले. “दीडशे किलो त्या बोळातनं दोघं नेत्यात व्हय?”

इतके दिवस मी ऑफसेट की बुलेट, कामाडो की पेलेट यावर डोकं खपवलं होतं. वजन किती, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. ऑर्डर देताना मेसेजमध्ये “एकूण वजन अमुक किलो, काट्यावर करून घेणार, जीआय नको” एवढं लिहून घेतलं असतं, तर त्यानं ऑर्डरच घेतली नसती बहुधा.

आणि गंमत ऐका. पातळ पत्रा वाईटच असतो असंही नाही. मामांनी मला नंतर २०० लिटरच्या पिंपाचा उभा स्मोकर करून दिला. पत्रा जेमतेम एक-सव्वा एमएम. पण त्यात कोळसा आतच, तळाशी. झाकण घट्ट, खाली हवेला तीन भोकं आणि त्यांना झडपा, आणि तापमान तासन्तास हलत नाही. जाडी लागते ती आग बाहेर ठेवणाऱ्या ऑफसेटला. पिंप मात्र खाद्यतेलाचं घ्या, केमिकलचं चुकूनही नको, आणि आतला लेप मोठा जाळ करून पूर्ण जाळून, घासून काढा. खर्च मामांचा चहा धरून तीन हजारांच्या आत.

त्या माणसाला फोन केला तर आधी म्हणाला, लाकूड जास्त घातलंत. मग म्हणाला, सिझनिंग, म्हणजे वापरायच्या आधी तेल लावून तापवणं, केलं नाही. व्हर्नियरचा फोटो पाठवल्यावर मला ब्लॉक केलं. गाळ्यावर गेलो, शटर बंद. रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, ती परत आली.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. तिथं कळलं, की बिल नाही म्हणून सगळं संपलं असं नसतं. बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद, मेसेज, जाहिरातीचे स्क्रीनशॉट हे पुरावे चालतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची. माझी तक्रार दाखल आहे. काट्याची पावती, व्हर्नियरचे फोटो, सगळं जोडलंय. “वहिनीं”च्या खात्याचं नावही.

परवा भाच्यानं मोबाइल समोर धरला. नवीन नाव, नवीन नंबर, तीच जाहिरात. “सहा एमएम हेवी प्लेट, कोल्हापूरच्या ग्राहकांची पसंती.” खाली एका समाधानी ग्राहकाचा मेसेज: एक नंबर काम, भावा. नाद खुळा. फोटोत काळा कुळकुळीत स्मोकर, आणि त्याच्या मागं आमच्या परड्यातलं कढीपत्त्याचं झाड.