भाड्याच्या जीपीयूवर आठ महिने, सगळ्या हिशोबासकट

गेल्या आठ महिन्यांत आमच्या घरातून भाड्याच्या जीपीयूवर, म्हणजे जड गणित करणाऱ्या, इंटरनेटवरून तासावर मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डांवर, जवळपास 46 हजार रुपये गेले. आमच्या घरातून म्हणतोय कारण कामं दोन होती, माझं मराठी आवाजाचं आणि बायकोचं ग्रोमॅक्सचं, म्हणजे रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरचं. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, सोबत पीएचडी चालू आहे. आम्ही सांगलीत राहतो, घरी एक साधा लॅपटॉप आणि तिच्या डिपार्टमेंटला एक सहा कोअरचा पीसी, एवढंच भांडवल. सुरुवात करताना मला तासाचे रेट सगळीकडे मिळाले, पण तासाच्या रेटवरून बिल किती येणार हे काही केल्या कळत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी काम काय ते सांगतो. शिरोळ आणि मिरज भागातल्या वयस्कर माणसांच्या बोलण्याची साधारण 60 तासांची रेकॉर्डिंग आम्ही मित्रांनी मिळून जमवली, ऊस, लग्नकार्य, पूर, विहिरी, असं सगळं बोलणं. ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोललेलं ऐकून लिहून काढणारं मॉडेल, 2022 च्या सप्टेंबरात आलं तेव्हापासून ते मराठीवर चालवून बघत होतो. पुस्तकी मराठी बरीचशी नीट लिहितं पण आमच्याकडचं बोलणं आलं की गडबडतं. एक मावशी रेकॉर्डिंगमध्ये सुनेला विचारतात "काय करालाईस गं", तर त्यानं लिहिलं "काय करा लाईट". नगं, हाय, गेलतो, सगळ्याची तीच गत. म्हणून त्याला आपल्या आवाजांवर शिकवायचं ठरवलं.

विकत का घेतलं नाही हे सगळे विचारतात. 24 जीबीचं चांगलं कार्ड, त्याला पेलणारा पॉवर सप्लाय, बाकीची मशीन धरून कोटेशन तीन लाखाच्या घरात गेलं होतं. एकटं 4090 च, म्हणजे एनव्हिडियाचं 24 जीबीचं गेमिंग कार्ड, 450 वॅट खातं, आणि माझं काम म्हणजे महिन्यातले चार-पाच दिवस जोरात, बाकी दिवस ट्रान्स्क्रिप्ट तपासत बसायचं. अशा कामाला भाडंच परवडतं. रोज अठरा तास मशीन चालणार असेल तर मात्र विकतचा विचार करा.

कुठलं कार्ड घ्यायचं हे मी मेमरीच्या हिशोबावर ठरवतो, आणि तो हिशोब कागदावर होतो. साध्या पद्धतीनं पूर्ण मॉडेल ट्रेन करायचं तर प्रत्येक पॅरामीटरला, म्हणजे मॉडेल शिकताना जे आकडे बदलतात त्यातल्या प्रत्येकाला, ढोबळमानानं 16 बाइट लागतात, म्हणजे वेट (तो आकडा स्वतः), ग्रेडियंट (तो कुठं, किती बदलायचा) आणि अॅडम ऑप्टिमायझर (बदल करणारी पद्धत) जे दोन आकडे सांभाळतो ते, सगळं धरून. व्हिस्पर लहान-मोठ्या आकारांत येतं, त्यातल्या लार्जचे दीडशे कोटींच्या वर पॅरामीटर, म्हणजे 25 जीबीच्या आसपास इथंच गेले, 24 जीबीच्या कार्डात डेटा शिरायच्या आधीच जागा संपली. मीडियमचे सुमारे 77 कोटी, 12-13 जीबी, बसतं. लार्जच पाहिजे असेल तर लोरा लावायचं, म्हणजे मूळ मॉडेल तसंच ठेवून थोडेच जादा आकडे शिकवायचे, मग तेही 24 मध्ये मावतं. मी पहिल्या महिन्यात हा हिशोब न करता 80 जीबीचं ए100, म्हणजे डेटा सेंटरमधलं महागडं कार्ड, घेतलं होतं, तासाला दीडशेच्या वर, आणि त्यातले 60 जीबी रिकामेच होते. नंतर 38-40 रुपये तासाच्या 4090 वर तेच काम झालं. गूगलच्या कोलॅब या साइटवर फुकट मिळणारं टी4 कार्ड सुद्धा 16 जीबीचं असतं, कोड चालतो का हे बघायला ते पुरेसं आहे, फक्त त्यात बीएफ16 नाही (बीएफ16 आणि एफपी16 या आकडे 16 बिटांत ठेवायच्या दोन पद्धती), त्यामुळे तिथं एफपी16 लावून बघितलेलं दुसऱ्या कार्डवर नेताना सेटिंग बदलायला विसरू नका.

आता खरा मुद्दा. भाडं कार्डाचं लागतं, पण कार्ड काम करतंय की नुसतं बसलंय हे मीटर बघत नाही. पहिले दोन आठवडे माझा रन, म्हणजे ट्रेनिंग, चालू होता, लॉस (मॉडेल किती चुकतंय तो आकडा) खाली येत होता, मी खूश. एका रात्री सहज एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड दर सेकंदाला लावून बसलो तर युटिलायझेशन (कार्ड किती टक्के कामात आहे) 0, 0, 0, 97, 0, 0, 94, 0 असं दिसत होतं. म्हणजे कार्ड बहुतेक वेळ वाट बघत होतं. कारण शोधलं तर दोन निघाली, एक म्हणजे 14 हजार छोट्या वेव्ह फाइल नेटवर्क डिस्कवरून एकेक करून वाचल्या जात होत्या, आणि दुसरं, आवाजाचं मेल स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे मॉडेलला द्यायचा आवाजाचा आकड्यांतला नकाशा, दर वेळी सीपीयूवर नव्यानं काढलं जात होतं, आणि त्या मशीनला सीपीयू कोअर दिले होते चार. रेट बघताना कार्डाचं नाव आपण बघतो, सोबत कोअर किती आणि डिस्क कुठली हे बारीक अक्षरात असतं.

मग मी सगळ्या फाइलींचे मेल घरच्या लॅपटॉपवरच काढून ठेवले. व्हिस्पर 30 सेकंदांची खिडकी घेतं, मीडियमला 80 बाय 3000 आकडे, अर्ध्या प्रिसिजनमध्ये (एका आकड्याला दोन बाइट) एका क्लिपला 480 केबी, सगळं मिळून सात जीबीच्या आत. त्याची एक टार फाइल करून मशीनच्या स्वतःच्या वेगवान एनव्हीएमई डिस्कवर नेली. एक स्टेप 4.2 सेकंदांवरून 1.4 वर आली. एका स्टेपला 16 क्लिप घेतल्या तर सगळ्या डेटाच्या एका फेरीत 875 स्टेप होतात, म्हणजे तासाभराची फेरी 20 मिनिटांत. कार्ड तेच, रेट तोच, आणि खर्च एक तृतीयांश. कुठल्याही कूपननं एवढा डिस्काउंट मिळणार नाही, म्हणून कळकळीनं सांगतो, मशीन घेतल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त युटिलायझेशन बघा, 80 च्या खाली असेल तर मशीन बंद करा आणि घरी बसून दुरुस्त करा.

डॉकरमध्ये, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर एका बंद डब्यात (कंटेनरमध्ये) घालून, चालवणाऱ्यांना एक गोष्ट, डेटालोडरचे वर्कर (डेटा वाचून कार्डाला पुरवणाऱ्या प्रोसेस) वाढवले की 'बस एरर' येऊन सगळं कोसळतं ते बहुतेक वेळा शेअर्ड मेमरीमुळे. डॉकर मुळात 64 एमबीच देतं. कंटेनर सुरू करतानाच ती वाढवावी लागते आणि जिथं कंपनीच कंटेनर उघडून देते तिथं हे सेटिंग आहे का ते आधी बघायचं. माझी एक पूर्ण संध्याकाळ यात गेली.

स्वस्तातली, मधेच काढून घेतली जाणारी मशीन, ज्याला स्पॉट म्हणतात, ती मी भरपूर वापरली आणि अजून वापरतो. अॅमेझॉन काढून घ्यायच्या दोन मिनिटं आधी सांगतं, गूगल 30 सेकंद आधी. ऐकायला बरं वाटतं पण मीडियमचं पूर्ण चेकपॉइंट (काम तिथूनच पुन्हा सुरू करता यावं म्हणून सेव्ह केलेली स्थिती), ऑप्टिमायझरसकट, नऊ जीबीच्या वर जातं, ते 30 सेकंदांत नेटवर्कवरून कुठं पोचणार? त्या नोटिशीवर विसंबायचंच नाही. मी दर 20 मिनिटांनी, म्हणजे प्रत्येक फेरीला, चेकपॉइंट वेगळ्या स्टोरेजवर टाकतो, शेवटचे दोनच ठेवतो. आणि नुसतं वेट सेव्ह करून भागत नाही, ऑप्टिमायझर, लर्निंग रेटचा शेड्यूल, डेटा कुठपर्यंत वाचला, सगळं पाहिजे, नाहीतर पुन्हा सुरू केल्यावर लॉस उडी मारतो. टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी दूरच्या मशीनवरचं काम चालू ठेवणारं सॉफ्टवेअर, तर हवंच. आमच्याकडे दुपारी लाइट गेली की वायफाय गेलं, एसएसएच (त्या मशीनशी असलेली जोडणी) तुटलं, पण टीमक्समधला रन तिकडं चालूच राहतो.

सगळ्यात मोठी तक्रार डिस्कची. मशीन 'स्टॉप' केली म्हणजे मीटर थांबलं असं मला वाटलं, स्क्रीनवरही तसंच दिसत होतं. गणपतीत गावाला गेलो, 18 दिवसांनी आलो तर खात्यातून तेराशे रुपये गेलेले, बंद मशीनच्या डिस्कचं भाडं, आणि बंद असताना तो दर चालू असतानापेक्षा दुप्पट. हे त्यांच्या किमतीच्या पानावर होतं पण सगळ्यात खाली. सपोर्टला लिहिलं तर चौथ्या दिवशी तेच वाक्य कॉपी करून आलं. त्यात भर म्हणजे परत चालू करायला गेलो तर त्या सर्व्हरवरचं कार्ड दुसऱ्याला दिलेलं, डिस्क माझी पण कार्ड नाही. शेवटी विनाकार्ड उघडून डेटा आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमनं खाली उतरवला. आता काम झालं की डेटा उतरवायचा आणि मशीन डिलीट, स्टॉप हा शब्दच सोडून दिलाय.

लोकांच्या स्वतःच्या मशीन भाड्यानं मिळतात त्या बाजारपेठांवर रेट सगळ्यात कमी असतो, पण ती कुणातरी अनोळखी माणसाची मशीन आहे आणि तिचा मालक आत काय आहे ते बघू शकतो हे धरूनच चाला. त्या मावशींनी, आज्यांनी आम्हाला विश्वासानं घरातलं बोलणं दिलंय, त्यात नावं आहेत, भावकीची भांडणं आहेत. ते आवाज मी तिथं कधीच नेले नाहीत आणि नेणार नाही, जास्त पैसे गेले तरी चालतील. कॉमन व्हॉइसचा मराठी डेटा मुळातच खुला आहे, तो घेऊन करायचे प्रयोग तिथं करतो.

बायकोचा अनुभव माझ्यापेक्षा बरा. तिचं प्रोटीन पाण्यात ठेवून साधारण 80 हजार अणू होतात, कॉलेजच्या पीसीवर दिवसभरात त्यांच्या हालचालीचे सहा-सात नॅनोसेकंद व्हायचे, भाड्याच्या 4090 वर 100 नॅनोसेकंद एका दिवसाच्या आत उरकतात. पहिल्यांदा ते झालं तेव्हा ती सकाळी चहा ठेवायचा सोडून लॉग फाइल वाचत बसली होती. ग्रोमॅक्स एरवी मिक्स्ड प्रिसिजनमध्ये (बहुतेक गणित 32 बिटांच्या आकड्यांत) चालतं, म्हणून गेमिंगचं कार्ड पुरतं, आणि दर 15 मिनिटांनी आपणहून चेकपॉइंट लिहितं, त्यामुळे स्पॉट मशीन त्याला मस्त. तिनं शिकलेली एक गोष्ट, ट्रॅजेक्टरीत, म्हणजे अणू कसे हलले त्याच्या फाइलीत, पाण्याचे अणू लिहायचेच नाहीत, फक्त प्रोटीन आणि लिगँड (प्रोटीनला चिकटणारा रेणू), ते रन टाकायच्या आधी सेटिंगमध्ये सांगायचं. फाइल कितीतरी लहान होते, आणि मोठ्या कंपन्या बाहेर जाणाऱ्या डेटाला जीबीमागे पैसे लावतात तिथं हे जाणवतं. (अर्थात पाण्याचाच अभ्यास असेल तर हे चालणार नाही.)

पैसे भरायचं थोडक्यात. परदेशी कंपनी असेल तर डॉलरचा रेट, वर कार्डाचा फॉरेक्स मार्कअप, आमच्या बँकेचा साडेतीन टक्के, हे सगळं तासाच्या रेटमध्ये धरा. भारतीय कंपन्या रुपयात बिल देतात, वर 18 टक्के जीएसटी. मी आधी पैसे भरून वापरायची पद्धतच घेतो, हजार भरले तर हजारच जाणार. मोठ्या क्लाउडवर नवीन खात्याला जीपीयूचा कोटा बहुधा शून्य असतो, त्यासाठी विनंती टाकावी लागते, उद्या डेडलाइन आणि आज खातं असं करू नका. संस्थेत असाल तर राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या परम मशीन, जसं पुण्यात आयसरला परम ब्रह्म आहे, तिथल्या अर्जाचंही बघा, ठरलेल्या मोठ्या प्रोजेक्टला तो चांगला रस्ता आहे. मला एकट्याला रात्री नऊला सुचलं आणि साडेनऊला सुरू केलं, ही सोय भाड्याच्या कार्डानंच दिली.

आणि हो, निकाल. मार्चमध्ये मीडियमचा शेवटचा रन झाला, 12 फेऱ्या, चार तासांच्या थोडं वर, मशीनचे दीडेकशे रुपये. ट्रेनिंगमध्ये न घेतलेली एक 40 मिनिटांची फाइल लावली, 2019 च्या पुराबद्दल बोलणाऱ्या शिरोळच्या एका आज्जींची. "पानी दारात आल्तं, म्हशी सोडल्या आन् आमी वर चडलो" हे जसंच्या तसं आलं. मित्राला फोनवर वाचून दाखवलं तर त्यानं परत वाच म्हटलं. चुका आहेतच, दोघं एकदम बोलले की अजून गोंधळतं आणि गावांची नावं मोडतात, त्यासाठी आणखी 20 तास तपासून होतायत.

बायकोला पुढच्या टप्प्यात डीएफटी, म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनचं क्वांटम गणित, करायचंय, त्याला डबल प्रिसिजन (एफपी64, 64 बिटांचे आकडे) लागणार, आणि 4090 तिथं लंगडं पडतं, त्याचा एफपी64 चा वेग एफपी32 च्या 64 वा भाग, ए100 चा निम्मा. त्यामुळे जे ए100 मी पहिल्या महिन्यात उगाच घेतलं होतं तेच आता तिच्यासाठी घ्यायचंय. दोन तासांचा टेस्ट रन रविवारी टाकतोय, इनपुट फाइल तिनं आत्ताच कॉलेजच्या पीसीवर छोट्या रेणूवर चालवून बघितल्यात.